माझ्या ओळखीचे एक वकील

बाबा, परवा मी वर्ध्याला तुमच्या कोर्टातल्या बाररूममध्ये जाऊन आले. सहज नाही गेले, बोलावलं होतं. वकिलांच्या मनःस्वास्थ्यावर व्याख्यान द्यायला. आता असा एक विषय असतो बाबा, त्याच्या कार्यशाळा होतात, बॅनर लागतात, आणि त्यावर बोलणाऱ्यांना शाल-श्रीफळ देऊन खुर्चीवर बसवतात. त्या बोलणाऱ्यांत तुमची मुलगी बऱ्यापैकी वर आहे. पुण्याच्या एका लॉ कॉलेजात शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. आधीची सगळी वर्षं मुलांच्या ताब्याचे खटले, निरीक्षणगृहं, बाल कल्याण समित्या यांच्यात गेली, आणि मग मी वकिलांकडे वळले. त्यांची उडालेली झोप, त्यांचं पिणं, कोर्टातून घरी आल्यावर बायकोपोरांवर ओरडणं. या व्याख्यानांत मी एक गोष्ट हमखास सांगते. 'माझ्या ओळखीचे एक वकील होते', अशी ती सुरू होते, आणि ती सुरू झाली की लोक हातातले मोबाइल खाली ठेवतात. ते वकील म्हणजे तुम्ही. पण 'ते माझे वडील होते' एवढंसं वाक्य मी आजवर कुठेही उच्चारलेलं नाही. सभेत तर नाहीच, घरातसुद्धा 'बाबांची प्रकृती बरी नसायची' यापलीकडे माझ्या मुलांना काही माहीत नाही.

या वेळी मात्र उच्चारायचं ठरवलं होतं. दुसरीकडे चालून गेलं, पण वर्ध्याला जाऊन, तुमच्याच बारपुढे उभं राहून 'ओळखीचे' म्हणायचं म्हणजे हद्द झाली, असं मी स्वतःला चांगलं खडसावलं होतं. गाडीत बसल्यापासून तेच वाक्य घोळवत होते. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, मी जप करते आहे. न सांगणं मला इतकी वर्षं किती सोपं गेलं, तेही तुम्हाला सांगते. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की आडनाव तर जातंच, मधलं बापाचं नावही जातं आणि तिथं नवऱ्याचं येऊन बसतं. लग्नानंतरच्या माझ्या एकाही कागदावर तुम्ही नाही. पुस्तकांवर नाही, दारावरच्या पाटीवर नाही, परवाच्या निमंत्रणपत्रिकेवरही नव्हता. ही पद्धत किती अन्यायाची आहे यावर मी वर्गात तावातावानं बोलते, आणि मनातल्या मनात तिचे आभार मानते.

व्याख्यानात मी तुम्हाला फार छान सांगते. तिथं तुम्ही आजारी नसता, संवेदनशील असता. तिथं तुम्ही एका लहान मुलीसाठी रडता आणि एक निष्ठुर धंदा तुम्हाला समजून घेत नाही. बायका डोळे पुसतात. तरुण वकील नंतर येऊन माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, मॅडम, आम्हालाही असंच होतं. त्यातल्या काहींना त्याचा खरंच उपयोग झाला आहे, ते मी खोटं कशाला म्हणू. पण ती गोष्ट इतकी घासूनपुसून ठेवली आहे की तुम्ही स्वतः ऐकलीत तर विचाराल, हा कोण बुवा.

खरं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी एकदा मला ते तुमच्यासमोर सांगू द्या. आणीबाणी उठली त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्याचा एक दुकानदार तुमचा पक्षकार होता. हायवेला लागून त्याचं किराण्याचं दुकान. माणूस वाईट नव्हता, बोलायला तेवढा रुक्ष. बायको भांडून केळझरजवळ आपल्या शेतकरी भावांकडे निघून आलेली, सात वर्षांची मुलगी तिच्याबरोबर. दुकानदाराला मुलीचा ताबा हवा होता. कायदा तेव्हा सरळ त्याच्या बाजूचा होता, पाच वर्षांवरच्या मुलाचा पालक म्हणजे बाप. अडचण एकच होती, पोरगी बापाला भ्यायची. तारखेच्या दिवशी बापाला मुलीशी भेटू द्या, असं न्यायाधीशांनी सांगितलं होतं, मामा तिला घेऊन यायचा, आणि ती बापाजवळ उभीसुद्धा राहायची नाही. मग तुम्ही मध्ये बसायला लागलात. व्हरांड्यातल्या बाकावर एका टोकाला दुकानदार, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये काळ्या कोटातले तुम्ही. तुम्ही तिला खिशातून गोरसपाकाची बिस्किटं काढून द्यायचात. तिच्या चिंधीच्या बाहुलीची उलटतपासणी घ्यायचात, 'बाहुलीबाई, परवा साखर कोणं खाल्ली, खरं सांगजा' असं दरडावून, आणि ती बाहुलीच्या वतीनं उत्तरं द्यायची. घरी पाटावर बसल्याबसल्या आईला सांगायचात, "पोरीची भीती मोडली का अर्धी केस झाली. आता बसते बापाजवळ. हासतेही."

ती बसत होती तुमच्याजवळ, बाबा. बाप नुसता बाकाच्या टोकाला होता. पण हे तुमच्या ध्यानात आलं नाही, त्या बिचाऱ्या दुकानदाराच्याही नाही, आणि न्यायाधीशांनी तर मधल्या सुट्टीत जाता-येता पाहिलं की मुलगी बापाच्या बाकावर मजेत बसली आहे. तुम्हीही तसंच त्यांना सांगितलंत, मनापासून. तुम्ही कुणाला फसवलं नाहीत. आज मी या एका चुकीवर पोसलेली बाई आहे. मुलाला ज्याच्याकडे जायचं आहे त्याच्याबरोबरच बसवा, मधला माणूस हळूहळू काढून घ्या, हवाली करायचं ते व्हरांड्यात नको, आधी त्याला खरं सांगा: हे मी लिहिलं, समित्यांपुढे मांडलं, दोन-चार ठिकाणी ते लागूही झालं, आणि माझी विद्वत्ता म्हणून लोक त्याचे दाखले देतात.

निकाल लागला तो दिवस एप्रिलातला होता. माझी सकाळची शाळा सुटली होती आणि मी नेहमीसारखी तुमचा डबा घेऊन कोर्टात आले होते. अकरा-बारा वर्षांची असेन. मुलगी तिथल्या तिथं बापाच्या हवाली करायची होती. व्हरांड्यात ही गर्दी. मामानं तिच्या कपड्यांची पिशवी बेलिफाकडे दिली, बेलिफानं दुकानदाराकडे. तिची आई बाहेर लिंबाखाली बसली होती, ती उठलीच नाही. मुलगी तुमचं बोट धरून शांत उभी. मग दुकानदार म्हणाला, "चाल बाई, गाडी निंघते," आणि मुलगी खुशाल चालायला लागली, तुम्हाला घेऊन. पायरीशी तुम्ही तिच्या मुठीतून बोट सोडवलंत. तिनं वर पाहिलं.

"तुमी नाई येऊन राह्यले, काका?"

"मी नाई येत, पोरी. तू तुह्या बाबासंगं जाय."

"मंग मी काऊन जाऊ?"

ती रडली नाही. हे मी व्याख्यानात कधी सांगत नाही, तिथं मी दोघांनाही रडवते. खरं म्हणजे रडलात फक्त तुम्ही. त्या पायरीवर मटकन बसलात आणि मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे रडलात. कोट पायरीवरच्या पानाच्या पिचकाऱ्यांत लोळत होता. कुणीतरी पाणी आणलं, कुणी म्हणालं, अहो साहेब, जिंकले ना तुम्ही. तुम्ही थांबेनात. मुलगी इतकी घाबरली की दोन पावलं मागं सरून बापाच्या मांडीला बिलगली. पहिल्यांदाच. दुकानदारानं तिला उचललं आणि तो लांब लांब ढांगा टाकत निघून गेला. मी काय केलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी खांबाच्या मागं गेले. बेलिफ विचारत होता, "साहेबाच्या घरचं कोणी आहे का इथं?" मी होते. डबा खाली ठेवला, त्यावरून कुणी ओळखायला नको म्हणून, आणि मागच्या फाटकानं घरी पळाले. आईला सांगितलं, बाबा कामात होते.

आठवड्याभरानं दुकानदार आपले कागद परत न्यायला आला, ते तुम्हाला आठवत असेल. खुर्चीच्या कडेवर बसून बराच वेळ टोपी फिरवत होता. मग म्हणाला, "साहेब, केस तुमी जिंकून देली, नाई म्हणत नाई. पण तुमी माह्याच विरुद्ध रडले. लोकं म्हनते, याच्या वकिलालेच पटत नव्हतं." तुम्ही त्याची माफी मागितलीत. त्याच्यानंतर एकेक करत बाकीचेही येऊन कागद घेऊन गेले. रडणारा वकील कुणाला हवा असतो. बारमध्ये तुमचं नाव 'रडके साहेब' पडलं, तिथून ते चहावाल्याकडे गेलं, तिथून गावभर झालं.

मग तुमचं ते सायकल प्रकरण सुरू झालं. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचे पांढरे बँड, कोट, डबा, आणि सायकल. कोर्टाच्या फाटकापर्यंत जायचात आणि तिथून हँडल वळवून पिपरी मेघ्याकडे निघून जायचात. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती, आता घरांवर घरं झाली आहेत. तिथं कुठं बसायचात देव जाणे. पाच वाजता धूळ खाऊन परत यायचात आणि आई विचारायची, आज कोर्टाच्या बोर्डावर काय होतं, आणि तुम्ही काहीतरी सांगायचात. आई सगळं जाणून होती. दारात कुणी आलं की मला पुढं करायची, लहान मुलीचं कुणी खोटं धरत नाही म्हणून. "बाबा नागपूरला हायकोर्टात गेलेत," मी म्हणायचे, असं तोऱ्यात, की पुढचा माणूस आदरानं परत जायचा. त्यात मी इतकी तरबेज झाले की कधीकधी तुम्ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असताना मला स्वतःलाच वाटायचं, बाबा खरंच हायकोर्टात आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गव्हाच्या कोठीत लपवलेल्या असायच्या, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.

शाळेत मी 'रडक्याची पोरगी' होते. ते एक वेळ सोसलं असतं. पण स्नेहसंमेलनात मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं आणि तुम्ही आलात. कोट घालून, पहिल्या रांगेत. माझं नाव पुकारलं तसे तुमचे डोळे भरून आले, आणि मागच्या बाकांवर पोरं खसखसली. ढाल हातात घेऊन मी खाली उतरले आणि तुमच्याकडे न बघता मैत्रिणींत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही न्हाणीपाशी पाय धूत होता, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शाळेत येत जाऊ नका."

"बरं," तुम्ही म्हणालात. पायांवर पाणी ओतत राहिलात. मग विचारलंत, "कोट घालून नको येऊ, का असाच नको येऊ?"

"असेच नका येऊ," मी म्हटलं.

तुम्ही परत कधी आला नाहीत. मॅट्रिकच्या निकालालाही फाटकाबाहेर सायकल धरून उभे राहिलात. बाबा, मुलांशी कसं बोलावं आणि मुलांचं कसं ऐकावं यावर मी तासन्‌तास बोलू शकते, पण त्या प्रश्नातलं तुमचं ऐकून घेणं मला आजही पेलत नाही. तुम्हाला राग यायला हवा होता. एक मुस्काटात दिली असतीत तर मी सुटले असते.

एवढं होऊनही मी कायदाच का घेतला, असं लोक विचारतात. मी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं उत्तर हे की घरात पुस्तकं होती आणि मला वाटलं, तुम्हाला जे जमलं नाही ते मी करून दाखवीन. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. मी नागपूरला शिकत होते, आणि तुम्ही पुन्हा थोडंथोडं कोर्टात जायला लागला होता. केस नाहीच, पण आवारातल्या झाडाखाली बसून कुणाचं प्रतिज्ञापत्र, कुणाचा अर्ज. बाररूममध्ये जात नव्हता. सुट्टीत घरी आले की तुम्ही स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता मला पालकत्वाचा कायदा शिकवायचात, आणि इतकं सोपं करून सांगायचात की माझ्या कॉलेजातल्या सरांना ते जमलं नाही. माझी सनद झाली तेव्हा तुम्ही आपले पांढरे बँड स्वतः खळ देऊन, इस्त्री मारून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेत. मी ते पिशवीत घातले आणि नागपूरला जाऊन नवे विकत घेतले. त्यांना तुमचं रडणं लागलेलं आहे, असं मला वाटायचं.

एकदाच तुम्ही मला काही मागितलंत. "कारंज्याकडं जानं झालं का त्या पोरीचं पाहजो. मोठी झाली असंन आता. मी जानं बरं दिसत नाई." मी हो म्हटलं. पुढं माझं सासर अमरावतीचं झालं, नागपूरहून अमरावतीला जाणारी एसटी कारंज्याला थांबते, लोक उतरून चहा पितात. मी किती वेळा तिथून गेले असेन. एकदाही उतरले नाही. तिच्यावर माझं एक अख्खं पुस्तक उभं आहे, आणि ती सुखात राहिली की नाही, शिकली की नाही, आईला पुन्हा भेटली की नाही, मला काही ठाऊक नाही.

मग ती अमरावतीची मंडळी मला पाहायला आली. मुलाचे काका वकील होते, तेही तालेवार. पोहे झाले, चहा झाला, आणि काकांनी तुमच्याकडे वळून अगदी आपुलकीनं विचारलं, "मग साहेब, काय म्हणतो तुमचा बार? प्रॅक्टिस कशी आहे?" तुम्ही तोंड उघडलंत. तुम्ही काय सांगणार होता मला माहीत नाही, कदाचित झाडाखालच्या अर्जांचंच काही सांगणार होता, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण मी थांबले नाही. पाहायला आलेल्या मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं, आणि मी मध्येच म्हटलं, "बाबांची प्रकृती बरी नसते, त्यांनी वकिली कधीच सोडली." आदल्याच दिवशी तुम्ही कोर्टातून आला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काकांकडे बघून मान हलवलीत. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "बरं बोलली तू. मले सुचलं नसतं." त्यात टोमणा असेल म्हणून मी तो पुष्कळ शोधला. नव्हता. तुम्हाला खरंच वाटलं की मी वेळ निभावून नेली.

आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कोर्टात जाणं बंद केलंत. आईनं विचारलं तर म्हणालात, आता सोयरीक जुळली, पोरीचं बोलणं खोटं पडायला नको. हे आईनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. लग्न झालं आणि दोन वर्षांनी तुम्ही छाती धरून बसलात ते उठलाच नाहीत. ती दोन वर्षं तुम्ही घरात काय केलंत, ते विचारायला मी कधी आले नाही. दिवाळीला यायचे, दोन दिवस राहून जायचे. मी नव्या नोकरीत होते, मुलांच्या हक्कांवर पहिला लेख छापून आला होता आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवायची राहून गेली होती.

तर परवाची गोष्ट. बाररूमच्या भिंतीवर गेलेल्या वकिलांचे फोटो ओळीनं लावलेले असतात, तुम्हाला माहीत आहेच. त्यात तुम्ही आहात. तुमचा फोटो लावला हे आईनं कळवलं होतं, मी तो आजवर पाहिला नव्हता. कोणता तरी जुना फोटो आहे, केस काळेभोर, मान थोडी वाकडी, आणि तो नेमका माझ्या उभं राहायच्या जागेसमोर. म्हटलं, बरंच झालं, आता काही सुटका नाही. गोष्ट सांगायला घेतली. बाक सांगितलं, बाहुली सांगितली, पायरी सांगितली. मोबाइल खाली गेले. आणि ते वाक्य यायच्या जागी मी थांबले, पाण्याचा घोट घेतला, फोटोकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून सरावानं आलं, "तर असे हे माझ्या ओळखीचे एक वकील." पुढचं व्याख्यानही चांगलं झालं. टाळ्या भरपूर वाजल्या.

चहाच्या वेळी एक म्हातारे वकील काठी टेकत माझ्यापाशी आले. कोट अंगाला मोठा झालेला. म्हणाले, "मॅडम, तुमी सांगितला तो वकील ह्याच बारचा. तो पाहा, तिकडून तिसरा फोटो. तुमाले कसं मालूम?"

"ऐकलं होतं," मी म्हटलं.

"मी पाह्यलं आहे," ते म्हणाले. "मी तवा नवीन होतो. 'रडके साहेब' हे नाव मीच ठेवलं त्यायले. दोन दिवस हासतीन अन् सोडून देतीन लोकं, असं वाटलं मले. मंग ते झाडाखाली बसत, अन् मी त्यायच्या समोरून जात जाओ, रोज. एक दिवस बोलावं म्हणून गेलो तर त्यायनं येनंच बंद केलं." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "पुढं माह्या पोराचं झालं, ते जाऊ द्या. मीही असाच कोर्टात बसल्या बसल्या रडलो. कोणी हासलं नाई. दिवस बदलले. तवा मले त्यायची आठवण आली. घरी गेलतो माफी मागाले, तर घर विकून गेलेलं, त्यायच्या मिसेस वारलेल्या. एक पोरगी होती त्यायले. डबा घेऊन येत जाये, दोन वेण्यावाली. तिले भेटून एकदा सांगायचं आहे मले. सासरचं नाव कोणालेच मालूम नाई. तुमी एवढ्या फिरता कायद्याच्या लोकाईत, कुठं भेटली तर..."

त्यांचे डोळे भरले होते, बाबा, आणि ते लपवत नव्हते. मी त्यांच्याहून हातभर लांब उभी होते. माझ्या खांद्यावर त्यांच्याच बारनं घातलेली शाल होती. फक्त एक शब्द लागत होता, 'मीच' एवढाच.

मी म्हटलं, "भेटली तर नक्की सांगीन."

त्यांनी मला आपला फोन नंबर दिला. मी तो माझ्या मोबाइलमध्ये टाकून घेतला. म्हणाले, लवकर भेटली तर बरं होईल. मग सचिव मला गाडीकडे घेऊन गेले.

ती माफी माझी नव्हती, तुमची होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालून ती त्या खोलीपर्यंत आली होती, तुमच्या फोटोखाली, आणि ती घ्यायला तुमचं म्हणून जगात एकच माणूस उरलं आहे. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, घडी करून पुस्तकात ठेवीन आणि कुणाच्या हाती लागू नये म्हणून नंतर फाडीन, मला मी ओळखते. पण तुम्हाला एवढं सांगायचं राहिलं. काल दुपारी जेवणं झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्या म्हाताऱ्या वकिलांना फोन लावला. त्यांनीच उचलला. "कोण बोलून राह्यलं?" म्हणाले. मी नाव सांगितलं, पत्रिकेवर होतं तेच, पूर्ण, आणि कार्यक्रम फार छान झाला म्हणून त्यांचे आभार मानले. त्यांना आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीचा काई पत्ता लागला का?" मी म्हटलं, अजून नाही.